नुसत्या पेजेचा गट

मॅडम,

बाबा अजून तुमचं नाव घेतात. परवा आरमोरीचे पाहुणे पोटाचं दुखणं घेऊन आले, तर ते टेकायच्या आत बाबा सुरू, की माझा अल्सर पोरीच्या कॉलेजातल्या मॅडमच्या औषधानं गेला. मी आतून ऐकत होते. हसू आलं आणि तुमचा धाकही वाटला. एवढ्या वर्षांनीसुद्धा!

तेव्हा बाबा बल्लारपूरच्या मिलमध्ये शिफ्ट करायचे, उपाशीपोटी डोकेदुखीच्या गोळ्या खायचे आणि पोट धरून बसायचे. मी चंद्रपूरला तुमच्या हाताखाली येनाच्या झाडाच्या सालीचा अर्क पांढऱ्या उंदरांना पाजत होते. अहेरीकडे पोटदुखीवर ही साल पेजेत उकळून देतात, म्हणून आपणही अर्क पेजेतूनच द्यायचो. दुसऱ्या गटाला नुसतं पाणी. मग दोघांनाही अ‍ॅस्पिरिन, आणि शेवटी पोटातल्या जखमा भिंगाखाली मोजायच्या. अर्कवाल्यांच्या जखमा इतक्या कमी, की माझे पाय जमिनीवर नव्हते. नागपूरच्या परिषदेत तुम्ही यावर पेपर वाचणार होतात. मी बाबांसाठी एक बाटली मागितली, तर तुम्ही म्हणालात, उंदीर वाचला म्हणून माणसाला पाजायचं नसतं. मी चांगली महिनाभर फुगून होते.

तरी एका रविवारी तुम्ही स्वतः घरी आलात, बाबांना डॉक्टरकडं धाडायला. बाबांचा एकच हेका, "डॉक्टर नाई पायजे मले. तुमचं औषध द्या." ऊन मरणाचं होतं, आईनं तुमच्यापुढं गार पेज ठेवली. अजून दिसतं मला. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आहात, दोन घोट घेता आणि वाटी तशीच हातात धरून माझ्याकडं बघता.

"आपला नुसत्या पेजेचा गट कुठी आहे गं?"

मला प्रश्नच कळत नाही. आमच्या धानाच्या मुलखात पेज म्हणजे पाणीच, तिला औषधात कोण धरतं? तुम्हीही इथल्याच, म्हणून तुमच्याही नजरेतून ती निसटली होती. पेपर थांबवला. मी रडले, भांडले. नुसत्या पेजेचा तिसरा गट धरून पुन्हा सगळं केलं, तर नुसत्या पेजेनंही पोटं जवळजवळ तेवढीच राखली होती. सालीच्या वाट्याला फार थोडं उरलं. तुम्ही साऱ्या विभागासमोर उभ्या राहून शांतपणे म्हणालात, "माझी चूक झाली. काम पेजेचं होतं." पुढं मोठमोठी माणसं पाहिली मॅडम, पण एवढी छाती कोणाची दिसली नाही.

बाबांना मात्र तुम्ही सोडलं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू करून दिल्या, घरून पेजेचा डबा आणला आणि स्पष्ट सांगितलं, "यात औषध नाई, भाऊ. गोळ्या चुकवू नका." तुमची पाठ वळताच बाबांनी मला डोळा मारला. औषध घातलंच आहे, मॅडमले बोलता येत नाई, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या डब्याच्या भरवशावर एकेक गोळी गिळली आणि बरे झाले.

हे पत्र तुमच्या हाती पडणार असतं, तर पुढचं लिहायची हिंमत झाली नसती. परवा मी पाहुण्यांना डॉक्टरांचा पत्ता दिला, गोळ्या चुकवू नका म्हटलं आणि जाताना डब्यात पेज भरून दिली. यात औषध नाही, हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं नाही, मॅडम. मी सांगितलं नाही.