वीट होती तिथंच

सर, माझ्या हातानं केलेल्या वस्तू सांगतो: सायकलच्या चेनवर फिरणारं तार गुंडाळायचं यंत्र, त्याचे सागवानी साचे, तारेच्या लेपाला ओरखडा जाऊ नये म्हणून कडा घासून गोल केलेले, पंख्याच्या मोटरवर चालणारी शेवयांची मशीन, आणि मोटर वाइंडिंगचं माझं अख्खं दुकान, शटर तेवढं विकतचं. यातलं काही कुणी शिकवलं नाही. तुम्हीही नाही, हे स्पष्टच लिहितो.

तुम्ही जे शिकवलंत ते मी मानलंच नव्हतं. बोरी अरबची शाळा, विज्ञानाचा तास. तुम्ही माझ्या पसरलेल्या हातावर वीट ठेवता, दंड भरून आला तरी उतरवू देत नाही. मग विचारता, "काम किती झालं?"

"लई झालं सर!"

"शून्य. वीट होती तिथंच हाय."

पोरं हसतात. मी चिडतो, "मंग मी दमलो काहून?"

तुम्ही खडूचे हात झटकता. "हे इचारत राहजो. दमूनबी काम शून्य, हे बापाले मात्र सांगू नको, शाळा बंद करन तुही."

आता यवतमाळच्या कॉलेजात विद्युत आणि चुंबकत्वाचा संध्याकाळचा वर्ग निघतोय. तिथल्या मॅडम म्हणाल्या, आधी यांत्रिकीची उजळणी करून या. म्हणून दुपारी गिऱ्हाईक नसलं की बल, कार्य, ऊर्जा वाचत बसतो. बायको म्हणते, "मोटर सुधरवता येते ना तुमाले? मंग आता हे कायले?" काय सांगू तिला? होल्टेज हा शब्द आयुष्यभर तोंडात होता. तो मुळात कामाचाच हिशेब निघाला, विद्युत प्रभाराला इथून तिथं न्यायला लागणाऱ्या कामाचा. पुस्तक मिटतो तर समोरची मोटर मोटर राहत नाही. तांब्याच्या वेटोळ्यांत चढ दिसतात, उतार दिसतात, आणि त्यांवरून न दिसणारं काहीतरी सावकाश घरंगळत राहतं. चहा निवून जातो. गिऱ्हाईक दोनदा हाक मारतं तेव्हा मी दुकानात परत येतो.

याच आठवड्यात लोहारा गावातल्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. पाळी दुपारी दोन ते रात्री दहा, वर्ग सहाला. बायकोनं देवापुढे साखर ठेवली.

आज जाऊन आलो. साहेब भेटले नाहीत, असं तिला सांगितलं. भेटले होते. या पत्राला पत्ता नाही, म्हणून इथं खरं लिहितो: मोटर विभागाचा सुपरवायझर, कायमची नोकरी. नाही म्हणालो. महिना अडतीस हजार.