मालूनं दिनकरला काय सांगितलं

रविवार, ९ फेब्रुवारी १९९७

आज सगळं फिरलं. कधी, तेही नेमकं सांगतो — जिन्यात उभी राहून वृषाली 'बरं' म्हणाली तेव्हा. त्याच्या आधीपर्यंत मी सुखात होतो!

अश्विनीकडून नोट्स न्यायला आली होती. माझी बहीण आणि ती एका वर्गात. मी कॉलेज सोडलं नसतं तर त्यांच्या एक वर्ष पुढं असतो. आता मामाच्या बॅटरी चार्जिंगच्या दुकानात ॲसिडनं शर्टाला भोकं पाडत बसतो. असो.

गेल्या आठवड्यात तिनंच सांगितलं होतं, "नगरला मावशीकडे गेले होते तेव्हा एक पिक्चर पाहिला. आपल्या श्रीरामपूरला लागला की बघ. मला तुला जे सांगायचंय ना, ते त्यातल्या मालूनं सांगून टाकलंय." आणि लाल होऊन पळाली. मी हवेत! शुक्रवारी लागला, काल पाहिला.

आज विचारलं तिनं, "पाहिलास? पटलं का मालूचं?"

मी म्हटलं, "तिचं काय पटायचं? तो बिचारा सरळ विचारतो, लग्न करशील का. ही तोंडातून शब्द काढत नाही. उत्तर न देताच एस.टी.त बसून चालती होते! लई शेफारलेली पोरगी."

ती बघतच राहिली. "तुला एवढंच दिसलं?"

"दुसरं आहे काय त्यात?"

"बरं," म्हणाली. आणि नोट्स न घेताच गेली.

काय चुकलं माझं? जे पाहिलं ते बोललो!


सोमवार, १०

पुन्हा पिक्चरला गेलो. सगळ्यात पुढं, मानेला रग लागली. या वेळी गाणी सोडून दिली. कोण कोणाशी कसं बोलतं, तेवढंच ऐकलं.

गंमत आहे. दिनकर मालूशी बोलताना कायम काहीतरी करत असतो. सायकल पुसतो, दोर वळतो. तिच्याकडे बघून एक वाक्य नाही. आणि मालूला त्याला काही सांगायचं असलं की ती त्याच्या आईला सांगते. "मावशी, काही लोकांना जेवायचीसुद्धा शुद्ध नसते." हा गालातल्या गालात हसून आईलाच म्हणतो, "आई, काही लोकांना दुसऱ्याच्या ताटात बघायची सवय असते." आई मध्ये बसून भाकरी थापतेय. सगळं प्रेम म्हातारीच्या डोक्यावरून ये-जा करतं!

मग मुकादम मालूबद्दल घाण बोलतो. दिनकर त्याला गुळाच्या कढईत बुडवायचाच बाकी ठेवतो. टॉकीज डोक्यावर घेतली पब्लिकनं. मीही टाळ्या वाजवल्या. माझंच झालं होतं की हे! वर्गातल्या त्या पार्थ्यानं वृषालीवरून घाण कॉमेंट टाकली, मी त्याचा चष्मा फोडला. प्राचार्य म्हणाले माफी माग. मी कॉलेजच सोडलं. दिनकरही काम सोडतो. मग तो तिला विहिरीपाशी गाठतो. "करशील लग्न माझ्याशी?" ती मान वर करते — आणि खटकन दुसऱ्या दिवशीची सकाळ. मालू एस.टी.त, डोळे सुजलेले. दिनकर रस्त्यात उभा, पण भांडत नाही, आडवा पडत नाही. शांत! हा शांत कसा?

होकार असता तर ती गेली कशाला? नकार असता तर रडली कशाला? आणि वृषालीला मला सांगायचं होतं ते हे — की मी काही सांगणार नाही? मग सांगितलं कशाला!


मंगळवार, ११

तिसऱ्यांदा. काही नाही. डोकं दुखतंय.

घरी आलो तर अश्विनीनं आणखी एक टोला. "दाद्या, रविवारी वृषालीला बघायला येनार हायेत. कोपरगावचा हाय मुलगा. शुगर फॅक्टरीत."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हननार? साडी माझी मागितली."

माझ्या दोस्ताला, सम्राटला सांगितलं. तो म्हणाला, "तू नुस्तं हो म्हन. मोटारसायकली काढतो. पोह्याची बशी त्या नवरदेवाच्या डोक्यावर!" हो म्हणालो.


बुधवार, १२

अश्विनी कॉलेजातून निरोप घेऊन आली. वृषालीनं विचारलंय, "विहिरीवर मालू एवढं बोलली, त्यातलं त्याच्या कानात काहीच कसं शिरलं नाही?"

एवढं बोलली? कधी? मी तीनदा बसलोय! मालूनं तिथं तोंड उघडलेलं नाही!

डोक्यात सणक गेली ती थेट टॉकीजवर. मशिनच्या खोलीत काकासाहेब ऑपरेटर बनियनवर बसून शेंगा खात होता. विचारलं, विहिरीवर ती बोलते का?

"बोलती की. लई बोलती. सगळं अकरावं रीळ तिचंच हाय."

"मग दिसत का नाही?"

"लावतच न्हाई ते. पहिल्याच दिवशी काढून ठिवलं. ना गानं, ना मारामारी. दोघं बसून नुस्तं बोलत्यात. आपलं पब्लिक खुर्च्या फाडतं, बाबा."

त्याची बनियन माझ्या मुठीत कधी आली कळलं नाही. शेंगा सगळ्या खाली. तो घाबरला नाही, उलट हसायला लागला. "आरं सोड! पोरगीबिरगी हाय का काय ह्याच्यात?"

सोडला. विचारलं, ती म्हणते काय त्याला?

लई वेळ आठवलं त्यानं. "'जा' म्हनती बघ."

"जा? की जाऊ नको?"

"त्यातलंच काहीतरी."

आता काय डोकं आपटू! खाली बसून त्याच्या शेंगा गोळा करायला लागलो. तेव्हा म्हणाला, "उद्या शेवटचा दिवस. रातच्याला पिक्चरची पेटी राहात्याच्या टॉकीजला जानार. तीनच्या खेळाला लावतो तुझं रीळ. पब्लिकनं शिव्या घातल्या तर तू खायाच्या."


गुरुवार, १३

लावलं त्यानं! खटकन सकाळ झाली नाही. मालू विहिरीच्या काठावर बसली. दिनकर उभा. आणि ती बोलायला लागली — पहिल्यांदा थेट त्याच्याशी, मध्ये आई नाही, भाकरी नाही.

"माझ्यासाठी, माझ्यासाठी म्हणतोस. मुकादमाला मारताना मला विचारलंस? काम सोडताना विचारलंस? माझ्या नावावर सगळं तूच करून मोकळा होतोस, मी आहे कुठं त्यात —"

आणि पब्लिक सुटलं! "ए काक्या, झोप आली का?" "गाणं लाव, गाणं!" "आजीबाई, कीर्तन आवरा!" शिट्ट्या. मागून चपला. मालूचे ओठ हलताहेत, एक अक्षर ऐकू येत नाही. शेजारचा टोपीवाला तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवत होता. त्याची कॉलर धरायला हात गेला — आणि परत आणला. त्याच्याशी भांडलो तर उरलेलंही जाईल! दोन्ही कानांमागं हात धरून पुढं वाकून बसलो. लोक मलाही हसले.

दिनकर हळूच तिच्यासमोर बसला. हातात दोर नाही, काही नाही. तिच्याकडे नुसता बघतोय. मग गोंधळ जरा खाली आला आणि शेवटचे दोन शब्द मिळाले. "... तोवर जाते."

तोवर म्हणजे कुठवर? काय होईतोवर? तो काय करेतोवर? नेमकं तेच शिट्टीत गेलं!

बाहेर पडताना काकासाहेब जिन्यातून ओरडला, "कळलं का रं, जा का जाऊ नको?"

म्हटलं, "दोन्ही."


शुक्रवार, १४

कॉलेज सोडलं त्या संध्याकाळी मी वृषालीला रस्त्यात गाठून म्हणालो होतो, "तुझ्यासाठी सोडलं!" केवढ्या ऐटीत! वाटलं होतं रडेल, हात धरेल. ती म्हणाली होती, "मला काय माहीत?" तेव्हा वाटलं, लाजली.

लाजली नव्हती का? मग मुकादमाला न मारता सोडायचं होतं का दिनकरनं? ऐकून घ्यायचं? तेही पटत नाही. काहीच धड पटत नाही. पण रविवारी मोटारसायकली काढायच्या, तेही मी तिला विचारलेलं नाही.

विचारू कसा? ती घराबाहेर पडत नाही. अश्विनीकडं निरोप देणार होतो, मग ती भाकरी थापणारी आई आठवली. नाही दिला.


शनिवार, १५

सम्राटला सांगितलं, गाड्या नकोत. म्हणाला, "नंदीबैल झाला तुझा."

झोप नाही. उद्या ती हो म्हणाली तर?


रविवार, १६

सम्राट तरीही आला सकाळी. हॉर्न वाजवून वाजवून गेला. मी खाली उतरलो नाही. दहादा चप्पल घातली, दहादा काढली.

आत्ता अश्विनी धापा टाकत वर आली. "दाद्या! पाहुन्यांना वृषालीनं सोताच न्हाई म्हनून सांगितलं. सगळ्यांसमोर! तिचे वडील तोंड फिरवून बसलेत. आन् ती खाली आपल्या फाटकापाशी उभी हाय. विचारती — तू का न्हाई आला?"

म्हणजे यायला हवं होतं? की आलो नाही म्हणून तिला बोलता आलं? रागानं विचारते की —

"कशी विचारत होती गं? चिडून?"

"मला काय म्हाईत! जाऊन बघ ना!" म्हणते. आणि स्वतःच खिडकीकडे निघाली, ऐकायला.

उतरतो. अश्विनीला आत ठेवून दार बाहेरून ओढून घेतो.