तिच्या झावळीचा फडा

मास्तर,

इतक्या उशिरा लिहितो आहे, त्याबद्दल माफी असावी. तुम्हाला माती दिली तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या, आणि आता तुमच्या कबरीवरच्या क्रूसावरची अक्षरंही वाचता येत नाहीत. मधल्या काळात लिहिण्यासारखं घडलं नाही असं नाही. पण माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही तुम्ही मागून ढकलत नेलं म्हणून, आणि कागद पुढे घेतला की माझा हात आखडतो. आज मात्र बोलायला दुसरं कोणी नाही. ज्या फादरशी बोलायचं त्यांच्याशीच माझं भांडण झालं आहे. आज पवित्र शनिवार आहे, रात्री तालुक्याच्या गावी ईस्टरची मिस्सा आहे, आणि जावं की नाही ते मला ठरवता येत नाही. गेलो तर आधी त्याच फादरसमोर गुडघे टेकून पापस्वीकार करावा लागेल. नाही गेलो तर जन्मात पहिल्यांदा माझा ईस्टर कम्युनियनच्या भाकरीवाचून जाईल.

भांडण राखेवरून झालं. तुम्हाला राखेचं सांगायला नको. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही पोरं आपापल्या घरची मागल्या वर्षीची झावळी घेऊन जमायचो. आपल्याकडे नारळ कुठला, नाल्याकाठची शिंदी हीच आपली झावळी. झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद घेऊन आणलेली, वर्षभर दारावर खोचून वाळलेली, धुरकटलेली. तुम्ही चुलीवर लोखंडी कढई ठेवता, झावळ्या मोडून तिच्यात टाकता, आणि मास्तरीणबाई मागून म्हणतात, "देवाच्या नावानं माह्यी कढई काळी करून राह्यले हे, घासाले मात्र देव येत नाई." मग तुम्ही जुन्या धोतराच्या फडक्यातून राख चाळता. मी एकदा हट्ट धरला होता की आमच्या घरची राख वेगळी ठेवा. तुम्ही माझ्यासमोर सगळी राख बोटानं कालवली आणि म्हणालात, "आता दाखव ओळखून, तुह्या बापाची कोनती अन् पाटलाच्या गड्याची कोनती." मी रडलो. तुम्ही समजूत घातली नाही. रडू दिलंत.

वर्ष कसं फिरतं तेही तुम्हीच शिकवलंत. तूर फुलायला लागली की नाताळाआधीचा आगमनकाळ, वेदीवर जांभळं कापड. हरभरा सोंगायला आला की राख आणि उपवास. उन्हाळवाहीची नांगरट चालू असताना ईस्टर, पांढरं. मृगाच्या आधी पेंटेकॉस्ट, लाल. आणि मग पेरणीपासून पुढे तो लांबच लांब हिरवा काळ, ज्यात सण नाही. "सनाच्या दिवशी कोनीबी ख्रिस्ती असते," तुम्ही म्हणायचात, "हिरव्यात कोन टिकते ते पाहाचं." ज्वारी गेली, सोयाबीन आलं, तरी मी ते वर्ष तसंच धरून बसलो आहे. आता काय चाललं आहे ते पाहायला तुम्ही नाही तेच बरं. वेदीवर जांभळं असताना बाहेर नाताळचे तारे लागतात. मी म्हटलं, पाळण्यात बाळ यायच्या आधी बारसं कायले करता? तर माझाच मुलगा म्हणतो, "बाबा, दुकानात लौकर आले तं लौकर लावले, त्यात काय." उपवासकाळाच्या शुक्रवारी लोक मटण खात नाहीत, चिकन खातात, आणि उपवास केला म्हणतात. चूप बसावं तर जीव तडफडतो, बोलावं तर म्हणतात बुढ्याले दुसरं काम नाही.

पण हे सगळं मी गिळलं होतं. राखेचं गिळता येईना.

आमची बुढी, माझी बायको, मागच्या उन्हाळ्यात गेली, पेंटेकॉस्टच्या थोडी आधी. त्या साली झावळ्यांच्या रविवारी तिच्या पायांवर सूज होती, मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "तुमी आनाल तं रस्त्यात कोनाच्या तरी झावळीशी बदलून आनाल." आली, मिरवणुकीत चालली, आणि परतताना ऑटोत सगळ्यांच्या झावळ्या एकात एक होतील म्हणून आपल्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी फाडून तिनं आपल्या झावळीला बांधली. घरी येऊन ती दारावर खोचली. ती गेल्यावर मी त्या झावळीला हात लावला नाही. सून घर झाडताना विचारायची, "मामाजी, हे काढू काय?" मी म्हणायचो, तिची वेळ आली की मीच काढीन.

वेळ आली. फादरांनी मिस्सेत सांगितलं, जुन्या झावळ्या आणा, राख करायची आहे. मी स्वतः घेऊन निघालो. मंगरूळपीरच्या गाडीत कंडक्टर विचारतो, "काय बावा, अंगन झाडाचे फडे बांधाले नेऊन राह्यले काय?" मी झावळी मांडीवर आडवी धरून तिकीट काढलं. चर्चच्या मागच्या ओसरीत पोतं ठेवलं होतं, त्यात तिची झावळी माझ्या हातानं ठेवली. बुधवारी फादरांनी कपाळावर राख लावली, "तू माती आहेस" म्हणाले, आणि मास्तर, मला वाटलं तिनंच लावली. मी त्या रात्री उताणा झोपलो, कपाळ उशीला लागू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात एकानं विचारलं, दर्ग्यावरून आले काय, तरी पुसली नाही.

पुढच्या रविवारी चर्चच्या अंगणात पाय ठेवला तर झाडणारी मावशी नव्या फड्यानं अंगण झाडते आहे, आणि फड्याच्या मुठीला ती हिरवी चिंधी बांधलेली. मी तिथेच थांबलो. मावशी आपल्या धर्माची नाही, तिला मी काय बोलू? तरी बोललो. ती घाबरून म्हणाली, "मले काय माईत जी. पोतं मांगं पडेल होतं. शिंदी दिसली, जुना फडा झिजला होता, म्हनून बांधला. चिंधीबी त्यातच होती." मग बुधवारची राख कशाची होती? फादर बाहेर आले, तरुण माणूस, आमच्याकडचा नाही. म्हणाले, "बाबा, पोतं सापडलं नाही म्हणून नागपूरहून मागवलेल्या पाकिटातली राख वापरली. पण आशीर्वाद दिलेली होती." म्हणजे मी ज्याला तिचा हात समजून रात्रभर जपलं, ते पाकीट होतं. मी ओरडलो. लोक जमले. फादर मला शांत करायला म्हणाले, "अंगणही देवाचंच आहे ना, बाबा." मी म्हटलं, "देवाचं आहे तं मंग तुमी काहून नाई झाडत?" मागे कोणीतरी हसलं. मी चपला घातल्या आणि मिस्सेविना घरी आलो. तेव्हापासून गेलो नाही. झावळ्यांचा रविवार गेला, काल उत्तम शुक्रवारही घरातच काढला, पाणी न पिता, पण घरातच.

तुम्ही म्हणाल, राख ओळखून दाखव. नाही येत ओळखता, मास्तर. तेव्हाही येत नव्हती. पण त्या कढईत आमच्या घरची झावळी पडली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. कालवायला आधी टाकावी तर लागते. सगळ्यांच्या राखेत तिची मिसळली असती तर मी एक शब्द बोललो नसतो. तुमचं शिकवणं मी विसरलेलो नाही, म्हणून तर एवढा राग आहे.

आणि फादर वाईट असते तर बरं झालं असतं. मागच्या आठवड्यात ते मोटरसायकलवर घरी आले. खाटेवर बसले, सुनेनं दिलेला कोरा चहा प्यायले, आणि म्हणाले, "बाबा, चूक माझी. पोतं हरवलं तेव्हाच सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं. मला लाज वाटली." सरळ माफी मागितली. मग मला जास्तच राग आला. माणसानं माफी मागितली की आपल्या हातात काही राहत नाही, आपण नुसते रिकाम्या तोंडानं चिडत बसतो. जाताना म्हणाले, मावशी फडा सोडायला तयार आहे, तुमची झावळी निवडून न्या. मी म्हटलं, राहू द्या. काय निवडू? पाती सगळी एकसारखी, चिंधी तेवढी वेगळी. आणि चिंधी काढली तर फडा सुटतो, मावशीनं अंगण कशानं झाडावं?

अजून एक गोष्ट आहे, ती मुलालाही सांगितली नाही. अंगणात मी ओरडत होतो तेव्हा मला बुढीचं हसणं ऐकू येत होतं. तिला कोपऱ्यात कचरा राहिलेला खपत नसे. ती तिथे असती तर माझी बाजू घेतली नसती, मावशीच्या हातून फडा घेऊन पायऱ्यांखालचं परत झाडलं असतं, आणि घरी येऊन मला म्हणाली असती, "एवढ्या लोकाईत तमाशा केला, हाती काय आलं?" ते ऐकू आलं म्हणूनच माझा आवाज चढला. मी तिच्यासाठी भांडत होतो आणि ती माझ्या बाजूनं नव्हती.

तर आता विचारायचं ते हे. पापस्वीकारात राग सांगावा लागतो आणि त्याचा पश्चात्ताप झाला आहे असं म्हणावं लागतं. मला नाही झालेला. थोडा झाला आहे, मावशीवर आवाज चढवला त्याचा. फादरांवर चिडलो त्याचा नाही. अर्ध्या पश्चात्तापावर चालतं काय? तुम्ही शिकवलं असेल तर माझ्या ध्यानात नाही, त्या दिवशी मी शेळ्या घेऊन गेलो असेन. खोटं बोलून कम्युनियन घेऊ नये, एवढं पक्कं आठवतं. आणि तिच्यानंतरचा हा पहिला ईस्टर आहे. तिच्या नावानं मिस्सेत प्रार्थना होणार आहे, ते मुलानं सांगून ठेवलं आहे. नाव घेतील तेव्हा मी तिथे नसेन तर ती कोणाकडे पाहील?

हे पत्र टाकायला जागा नाही हे मला कळतं. तुमच्या पत्त्यावर पोस्टमन जात नाही. दिवस मावळायच्या आत शेवटची गाडी आहे. मुलगा मघाशी म्हणाला, "बाबा, मोटरसायकलवर सोडून देऊ काय?" मी त्याच्यावर खेकसलो, म्हटलं, मी येतो म्हणून कोनी सांगतलं? तो निघून गेला. तो गेल्यावर मी दाढी केली आणि धुतलेला सदरा घातला. आता खाटेवर बसून लिहितो आहे, सदरा चुरगळू नये म्हणून टेकत नाही. तेवढं त्याला कळू देऊ नका, आणि मास्तर, मला जे सांगायचं ते लवकर कळवा.