भट्टीजवळचं स्टूल

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावोजींचा फोन आला आणि मी शिक्षकांच्या खोलीत अक्षरशः उडी मारली! हृदयाच्या नसा स्वच्छ, एकही ब्लॉक नाही! मुख्याध्यापकांनी विचारलं, लॉटरी लागली का? म्हटलं, त्याहून मोठं, बहिणीची अँजिओग्राफी पार पडली. वर्षभर छातीत दुखतंय म्हणून आमच्या तोंडचं पाणी पळवलंस. आता खुशाल बेकरी चालव, आणि भट्टीतला पहिला पाव मला पाठव.

फोनवर भावोजी शेजारी असले की तू नुसतं बरं आहे म्हणतेस, म्हणून हा पत्राचा खटाटोप. खरंखुरं लिही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. ९ मार्च

चि. शिट्टीस,
अ. उ. आ.

तुझ्या उडीचं वाचून खूप हसले. मैदानावर शिट्टी फुंकून पोरांना पळवणाऱ्या बाईला ते शोभतंच.

पण खरंखुरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. दुखणं रिपोर्ट वाचत नाही गं, ते आहे तिथंच आहे. पहाटे पाव भट्टीत सरकवले की मी जरा टेकते, आणि नेमकं तेव्हाच छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं होतं. जबड्यापर्यंत कळ जाते, घाम फुटतो, मग आपोआप ओसरतं. मैद्याची पोती उचलताना मात्र काही नाही. हे म्हणतात, खरं दुखणं असतं तर पोतं उचलताना दुखलं असतं. बसल्यावर दुखतं म्हणजे रिकाम्या डोक्याचे खेळ. डॉक्टरांनीही मन रमवा म्हणून सांगितलं.

म्हणून ह्यांनी माझं स्टूलच माळ्यावर टाकलं. बसायचंच नाही, म्हणजे दुखायचं नाही! रागानं नाही, काळजीपोटीच. आता मी टेबल धरून उभी राहते, आणि दुखायचं ते दुखतंच.

हल्ली मलाच वाटतं, मी ढोंग तर करत नाही ना? यापुढे कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलंय. तूही विषय काढू नकोस.

आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

ता. १४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विषय काढणार, शंभरदा काढणार! स्टूल माळ्यावर? भावोजींना कोपरापासून नमस्कार सांग.

माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई हृदयाची डॉक्टर आहे. तिला मैदानावरच गाठलं. ती म्हणाली, नसा स्वच्छ असूनही हृदयाचं दुखणं असू शकतं. काहींची नस मधूनच आवळते, बहुतेकदा आरामात असताना, पहाटेच्या सुमारास, आणि मग सैल पडते. तपासताना सैल असली तर चित्र स्वच्छच येणार! आणि मनाचं आहे म्हणून बायकांना सर्रास घरी पाठवतात, हे सांगताना तीच माझ्यापेक्षा जास्त चिडली.

नसेत औषध सोडल्यावर ती आवळते का, हे तिच्या हॉस्पिटलात बघतात. येत्या सोमवारची वेळ घेतलीय. माझ्या पोरांच्या शर्यती नेमक्या तेव्हाच, त्यामुळे मला येता येत नाही, जीव मात्र तिथंच असेल. भावोजींना सोबत ने. तोवर दुखणं थांबलं नाही तर तडक हॉस्पिटल गाठ. लपवलंस तर माझ्याशी गाठ आहे!

राग ओसरेल, माया नाही.

तुझी,
धाकटी

ता. २२ मार्च

चि. शिट्टीस,
अ. उ. आ.

दुखलं गं, दुखलं!

टेबलावर झोपवून औषध सोडलं तर आधी काहीच होईना. माझा जीव टांगणीला. आत्ता दुखलं नाही तर जन्मभर खोटारडी ठरणार. मनात म्हटलं, दुख बाई, एकदाचं दुख. आणि आला तो दगड! मी इतकी खुशीत ओरडले की नर्स दचकली. पडद्यावर नस कणकेची वळी चिमटीत धरावी तशी बारीक झाली होती. लगेच दुसरं औषध दिलं, तशी ती सैल पडली.

बाहेर डॉक्टरीणबाईंनी ह्यांना तीच चित्रं दाखवली. हे मटकन खुर्चीत बसले. परतताना मला वारा लागतोय का, हे दहादा विचारलं.

आता रोजची गोळी आहे, आणि जिभेखाली मारायचा फवारा एप्रनच्या खिशात. दुखणं एकदम पळालं नाही, पण पुष्कळ कमी झालंय.

काल पहाटे बेकरीत गेले तर स्टूल खाली! पुसलेलं, हलणारा पाय ठोकलेला. हे म्हणाले, बस. मला भीती वाटली, तरी बसले. आणि नेमकं तेव्हाच दुखलं. पण ह्यांनी खरंच दुखतंय का, असं विचारलं नाही. फवारा माझ्या हातात दिला, मैद्याच्या पोत्यावर माझ्याशेजारी बसले, आणि ओसरेपर्यंत हात धरून ठेवला. माझ्या डोळ्यांना धार लागली, दुखण्यामुळे नव्हे.

त्या गडबडीत भट्टीतले पाव करपले. पहिला पाव तुझा होता ना? काळाठिक्कर आहे, पण पाठवतेय. फेकू नकोस हं.

तुझी,
ताई