हँडल कोणाच्या पिशवीत होतं

बाबा, काल नाशिक रोडला तुमच्या मरणोत्तर सत्कारात मला ज्या खुर्चीवर बसवलं होतं तिचा एक पाय आखूड होता. दोन तास मी प्रत्येक टाळीला डावीकडे कलत होते आणि एकाही वक्त्याने याची दखल घेतली नाही. इतिहासात याची नोंद व्हायला हवी, कारण बाकी ज्याची नोंद झाली ते खोटं होतं.

विषय होता 'विजेवरच्या घाटाचे सोनेरी दिवस'. पडद्यावर तुमचं ते दोन्हीकडे नाक काढलेलं इंजिन, ज्याला सगळे खेकडा म्हणायचे, कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत गाड्यांना मागून ढकलणारं. घाटात वीज आली तेव्हा सभागृहातलं कोणी जन्मलेलंही नव्हतं, तरी सगळ्यांना आठवत होतं. मग मानपत्र वाचलं गेलं: 'संपूर्ण सेवेत एकही चूक नाही.' शेवटच्या रांगेत काका बसले होते, तुमच्या इंजिनावरचे सहायक ड्रायव्हर. त्यांना फूलही नव्हतं. मी उठले, तुमच्या नावाची शाल घेतली, आभार मानले. तेव्हापासून मला तुमचा राग आलाय, आणि माझा त्याहून जास्त.

मला अजून ती संध्याकाळ दिसते: मी लहान, इगतपुरीच्या क्वार्टरमध्ये आई भाकऱ्या थापतेय. मी तुमच्या पिशवीतून डबा काढतेय आणि डब्याखाली इंजिनाचं हँडल. पुढे जायचं की मागे, ते ठरवणारं. ते नसेल तर एवढा मोठा खेकडा जागचा हलत नाही, म्हणून ड्युटी संपली की पुढच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं, हे शेजारपाजारच्या पोरांनाही माहीत. तुम्ही ते घरी घेऊन आलात. खाली कसाऱ्याला मालगाडी ढकलणाऱ्या इंजिनाची वाट बघत खोळंबलेली. दुसरं हँडल कपाटात, आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. तुमचा चेहरा पिठासारखा झाला. शेजारच्या क्वार्टरमधून काकांना बोलावलंत आणि म्हणालात, "तू घेऊन जा. तुझ्याच पिशवीत राहिलं म्हण. माझं मेलगाडीवरचं प्रमोशन तोंडावर आलंय." काका माझ्याकडे बघून नुसतं "बरं उस्ताद" म्हणाले. हँडल टॉवेलात गुंडाळून निघाले.

तुम्हाला मेल मिळाली. हँडल विसरल्याचा ठपका काकांवर बसला, ते कित्येक वर्षं सहायकच राहिले. आणि त्याच आठवड्यात साखर खाऊन नाही म्हणाले म्हणून तुम्ही मला दाराबाहेर उभं केलंत. "या घरात खोटं चालत नाही." मी बाहेर उभी होते, बाबा, आणि हसू येण्याचं माझं वय नव्हतं.

काल कार्यक्रम संपल्यावर मी काकांना गाठलं. म्हटलं, "काका, ते हँडल डब्याखाली होतं. मीच काढलं होतं."

त्यांनी चहा ढवळायचा चमचा बशीत ठेवला. "तुला माहीत होतं व्हय बेबी? मला वाटलं, तू लहान होतीस, विसरली असशील; उस्ताद गेले, आता ठाऊक असणारा मी एकटाच." मग म्हणाले, "बायकोलाही नाय सांगितलं. ती शेवटपर्यंत म्हणायची, तुमचं ध्यान नसतं कशात. आता पोरगा म्हणतो. तो ड्रायव्हर आहे ना. घरात गॅस बंद करायचा तरी माझ्यामागून येऊन बघतो."

"आणि तुम्ही ऐकून घेता?"

"घेतो. शब्द दिला होता."

आज सकाळी त्यांच्या घरी गेले. मुलगा ड्युटीवर निघत होता, त्याला बसवलं आणि सुनेसमोर सांगितलं की तुझे वडील काही विसरले नव्हते. विसरले माझे वडील. तो बूट हातात घेऊन तसाच बसून राहिला. काका खिडकीकडे तोंड करून बसले. सून चहा टाकते म्हणाली, तेव्हा काका स्वतः उठले, गॅस पेटवला, दूध तापवलं, गॅस बंद केला. कोणी मागून उठलं नाही.

हे पत्र ड्रॉवरमध्ये ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. मी मुलाला आणि सुनेला म्हटलं की काकांनी तुम्हाला वाचवायला आपणहून आळ घेतला. तुम्ही घ्यायला लावलात, हे माझ्या तोंडून निघालं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि तेही गप्प बसले.