गवतात बसलेली वाडी

आये,

तुला लिहितेय खरं, पण तुला अक्षर कुठे येत होतं? आश्रमशाळेतून मी आणलेली पाटी तू उलटी धरायचीस आणि म्हणायचीस, बघ कशा रांगेनं मुंग्या चालल्यात. आज दुपारी कार्यालयात माझ्याशिवाय कुणी नाही. खाली रेवदंड्याच्या रस्त्यावर रिक्षावाले अलिबागच्या भाड्यासाठी ओरडताहेत, खाडीकडून सुक्या मासळीचा वास वर येतोय, पंखा गरम हवा नुसती ढवळतोय. अशा वेळी डोळे उघडे असतानाच तू मला दिसतेस, खाडीच्या चिखलात गुडघाभर उभी, हातात निवट्यांची, त्या चिखलातल्या उड्या मारणाऱ्या मासळीची टोपली, लुगडं वर खोचलेलं. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी मी तुझ्या शेजारी येऊन बसले होते, उजाडल्यापासून उन्हं चढेपर्यंत. तू विचारलं असतंस, आज कामधंदा नाही का गं? तो कामधंदाच होता, आये. काय होता ते तेव्हा सांगता आलं नाही, माणसं फार होती.

मी लहान असतानाचा एक दिवस मला वरचेवर आठवतो. तू रानातून कडू कांदे, ते रानातले कंद, उकरून आणले आहेस. त्यांचे पातळ काप करून टोपलीत भरलेस आणि टोपली ओहोळाच्या धारेत दगडाखाली दाबून ठेवलीस, म्हणजे सकाळपर्यंत कडूपणा वाहून जाईल. परत येताना आपण वाडीमागच्या उतारावरून चाललोय. तिथे गवतात आपल्या माणसांचे दगड. आजी नुकतीच गेलेली आहे आणि मला तिची जागा ओळखता आल्याचा केवढा अभिमान! मी बोट करून म्हटलं, "ती बघ आजी." तर तू फाडकन हातावर मारलंस. "बोट नको दावू! चाव आधी, चाव ते बोट!" मी रडत रडत बोट चावलं. मग तू खाली बसून सांगितलंस, आपल्यात मेलेल्या माणसाकडे बोट करत नाहीत. बोट केलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावतायत, ते उठतं आणि मागोमाग घरी येतं. लगेच बोट चावलं तर बोलावणं मोडतं. मी म्हटलं, "येऊ दे की मंग." तर दुसरी बसली. "तिला तिथं बरं हाय," तू म्हणालीस, "लई चालली ती जल्मभर. आता कशाला उठवायची तिला?" दुसऱ्या दिवशी उकडलेले कांदे तू मला आधी वाढलेस. थोडे कडूच होते, पण मी सगळे खाल्ले.

तू गेलीस तेव्हा मी आश्रमशाळेत होते. विटांच्या भट्टीवरून तू खोकला घेऊन आलीस आणि तो परत गेलाच नाही, तुलाच घेऊन गेला. मी पोचले तेव्हा माती ओली होती. मावशीने मला हाताला धरून तिथे नेलं आणि नुसतं म्हणाली, "हितं बस." आपल्यात एवढंच करतात. दाखवत नाहीत, सांगत नाहीत, जवळ नेऊन बसवतात. मला राग आला होता. सगळी वाडी काहीतरी बोलेल, रडेल, असं मला वाटलं होतं, आणि माणसं नुसती बसून राहिली. आता कळतं की तेच रडणं होतं.

मी वकील झाले, हे तुला फार वेळा सांगून झालंय. कुठे काम करते ते सांगते. आमची संस्था आदिवासींची आहे, आम्हीच चालवतो. एक ठाकूर, एक महादेव कोळी आणि मी कातकरी, असे तिघे, आणि एक जुनी जीप. वाड्यावाड्यांवर जायचं, कायद्याने काय आपलं आहे ते आपल्या भाषेत सांगायचं, जातीचे दाखले, घराखालची जमीन, वनहक्काचे दावे, ठेकेदाराने अडकवलेली माणसं, जे असेल ते घेऊन तहसील गाठायची. ऐकायला झकास वाटतं. पहिल्यांदा मी किहीमच्या मागच्या एका वाडीवर गेले तेव्हा काळा कोट घालून, जीप थेट चुलीपर्यंत नेऊन उतरले, आणि बघते तर वाडीत एक कोंबडी तेवढी उरलेली. सगळी माणसं रानात पसार! मी कोंबडीपुढे उभी राहून हसत सुटले. जीपचा आवाज आला की तू मला काखेत मारून करवंदीच्या जाळीत कशी घुसायचीस, तोंडावर हात दाबून धरायचीस, ते मी विसरलेच कशी? तुझ्या तळव्याला लाकडाच्या धुराचा वास यायचा. तेव्हापासून आमची रीत ठरली. जीप खाली रस्त्यावर सोडायची, चालत जायचं, वाडीच्या तोंडाशी बसून राहायचं. कुणी पाणी विचारेपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. कधी कधी अख्खी सकाळ बसून जाते. पाणी मात्र येतंच, आणि पाण्यामागून बोलणं.

अशी परक्या वाड्यांवर शहाणपण करत फिरत होते, आणि घोटाळा झाला तो आपल्याच वाडीत. आपल्या वाडीने वनहक्काचा दावा केला होता, घरांचा, ओहोळाचा आणि मागच्या उताराचा. तो उतार तारेच्या कुंपणात घेऊन तिथे रोपं लावायचं वनखात्याचं घाटत होतं. खांब येऊन पडले होते. दावा पडला असता तर उतार कुंपणाआड गेला असता, आणि उताराबरोबर तू. कायदा म्हणतो, तुम्ही इथले जुने आहात हे दाखवा. आपल्याकडे कागद कुठला? पण कायद्यात हेही आहे की माणसं पुरलेली जागा पुरावा धरतात, म्हाताऱ्यांचं सांगणंही धरतात. मी म्हटलं, झालं तर मग, आपले सगळे साक्षीदार तिथेच आहेत, आणि त्यांतला कुणी फिरणारही नाही. पाहणीच्या दिवशी मी अलिबागला कोर्टात होते. पाहणीचे साहेब वर गेले, उताराच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची माणसं पुरलेली जागा कुठे आहे? दाखवा."

एकाचाही हात उठला नाही, आये. सगळी वाडी हात खाली सोडून उभी. साहेबांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून विचारलं. कुणी जमिनीकडे बघतंय, कुणी आभाळाकडे. शेवटी कुणीतरी घाबरून म्हणालं, "न्हाय साहेब." गवत माणसाच्या कमरेएवढं होतं, त्यात दगड काय दिसणार? जुन्या वस्तीची खूण आढळली नाही, असं लिहून साहेब उतरून गेले आणि दावा फेटाळला गेला.

मी संध्याकाळी धावत वाडीवर गेले आणि मावशीवर ओरडले. एवढं शिकवलं, एवढ्या बैठका घेतल्या, एक बोट उचलता आलं नाही तुम्हाला? मावशी भाकरी थापत होती. तिने वरही बघितलं नाही. "तू शिकलीस ना?" ती म्हणाली. "तुजी आय हाय तिथं. तूच दाव बोट." मी तरातरा उतारावर गेले. उभी राहिले. हात उचलायला गेले आणि हात उचलला जाईना. तुझ्या त्या जुन्या फटक्याची जागा चुरचुरली म्हण हवं तर. कायद्याची पदवी खुंटीला आणि मी तुझ्यासमोर पुन्हा परकरी पोर. परत आले तेव्हा मावशीने भाकरी पुढे सरकवली.

आम्ही वर अपील केलं आणि पुन्हा पाहणी करायचा हुकूम मिळाला. पण पुन्हा तेच साहेब, तेच दाखवा, आणि तेच हात खाली. मला काही सुचेना. त्या दिवसांत तू स्वप्नात आलीस. उतारावर, गवतात पाठमोरी बसून तू कांद्याचे काप करत होतीस. मागे समुद्रावरून येतं तसं पांढरं धुकं होतं, त्यात तुझा अंबाडा तेवढा दिसत होता. मी हाक मारली तर तू वळली नाहीस, नुसती जरा सरकून शेजारी जागा केलीस. मी बसले. बस्स, एवढंच स्वप्न. सकाळी तोंड धुताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बोट करायचं नाही ना? नका करू. बसायला कोण नको म्हणतंय?

तरी वाडीला पटवायच्या दोन गोष्टी होत्या. बसायचं सगळ्यांनी कबूल केलं, ते सोपं होतं. अवघड होतं ते जीप आली तरी न पळणं. मी म्हटलं, साहेब काही करणार नाहीत, जागेवरून हलू नका. एका म्हाताऱ्याने विचारलं, "पाय आपसूक पळाले तर?" मी म्हटलं, "तर त्यांना सांगा, बास, तुमचा बाप, शेजारी बसलाय, त्याच्यासमोर पळू नका." सगळे हसले. मावशी म्हणाली, "बासच पयला पळायचा त्येचा." मग तर हसून पुरेवाट झाली, आणि हसता हसता ठरून गेलं.

ती सकाळ मी विसरणार नाही. पाऊस परतलेला, गवत पिवळं पडू लागलेलं, दव इतकं की पातळं भिजून पायाला चिकटली. उजाडताना माणसं घरांतून निघाली, जो तो आपापल्या दगडापाशी गेला आणि बसला. आम्ही बसलो तसं गवत आमच्या खांद्यावर आलं. उतारभर नुसती डोकी. खाली चौलच्या पोफळी धुक्यात बुडालेल्या, त्यापलीकडे खाडी, आणि जिवंत कोण नि गेलेलं कोण हे त्या उजेडात सांगता आलं नसतं. मला वाटलं, ज्यांच्याशेजारी बसलोय तीही उठून बसलीत, फक्त ती आपल्यापेक्षा शांत आहेत. मी तुझ्या दगडावरची माती हाताने पुसली. खालून जीपचा आवाज आला. डोकी हलली. तो म्हातारा अर्धा उठला, मग काय आठवलं कोण जाणे, परत खाली बसला. आणि मी काय केलं सांगू? तुझ्या दगडाला घट्ट धरलं, पूर्वी तुझा पदर धरायचे तसं.

साहेब वर आले आणि थबकले. त्यांना वाटलं असेल मोर्चा आहे. पण कुणी घोषणा देईना, कुणी उठेना. मग ते पहिल्या माणसाजवळ गेले आणि विचारलं, "इथे कोण?" "बास." पुढच्याजवळ गेले. "आजी हाय." एकीजवळ गेले, ती आपल्या शेजारची, तुझ्या बरोबर भट्टीला यायची ती. "पोर माजं. नाव ठेवायचं व्हतं अजून." लिहिणाऱ्या कारकुनाने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. असं करत ते माझ्याजवळ आले. "तुम्ही संस्थेच्या वकील ना? तुम्ही कशाला बसलात? उठा, माहिती द्या." मी कलम, नियम सगळं तयार ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "ही माझी आय हाय," मी म्हटलं. साहेब ज्या जागी उभे होते तिथून एक पाऊल मागे झाले. मग त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी का नाही दाखवलं?" आणि विचारताना उताराकडे बोट केलं. मी बोटाची गोष्ट सांगितली. त्यांनी हळूच हात खिशात घातला. चावलं की नाही ते काही मी पाहिलं नाही.

काल निकाल कळला. दावा मंजूर झाला, घरं, ओहोळ, उतार, सगळं आलं. खांब उचलून नेणार आहेत. तू जिथे आहेस तिथेच राहशील, आये, तुला कुणी हलवणार नाही. ही बातमी सांगायला मी वाडीवर गेले तर सांगायला होतं कोण? सगळे भट्टीवर गेलेत, शिमग्याला येतील तेव्हा येतील. दारं तारेने बांधलेली, चुली थंड. मी मग तुझ्याकडे आले आणि तुला सांगितलं. दुपारची वेळ, गवत वाळून कापलं गेलेलं, सगळे दगड उघड्यावर आलेले. बराच वेळ बसले. माझ्या मनात सारखं येत होतं की तू माझी खोली पाहिली नाहीस. दोन खणांची आहे, भाड्याची, पण नळ घरात आहे. तोटी फिरवली की पाणी. खिडकीतून खाडी दिसते, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि निवट्या उड्या मारतात. तुला ते बघून हसू आलं असतं.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. मावशीला वाचून दाखवलं तर ती मला या वयात फटका देईल, आणि तिचं बरोबरच असेल. तू म्हणाली होतीस, लई चालली ती, कशाला उठवायची. तूही खूप चाललीस, मला माहीत आहे. वाडीपासून माझ्या घरापर्यंत वाट बरीच आहे, पण उताराची आहे. काल निघताना मी उताराच्या कडेला थांबले, आजूबाजूला कुणी नाही हे पाहिलं, आणि तुझ्याकडे बोट केलं. नीट, हात लांब करून, तुला कळेल असं.

आणि आये, मी बोट चावलं नाही.