विसावं नाव

२ जून
साहेबांचा निरोप आला. आमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट सतरा. वीस झाला नाही तर दोन गुरुजींपैकी एक जाणार. बन्सीधर सर सीनियर, म्हणजे जाणार मीच. मानवतहून मोटारसायकलवर पंधरा मिनिटांत गाठता येणारी शाळा सोडून पार जिंतूरच्या पुढं? अजिबात नाही. तीन पोरं म्हणजे काय, दोन दिवसांचं काम.

४ जून
घरोघर फिरलो. मातृभाषा, मोफत पुस्तकं, खिचडी. स्वतःचं भाषण ऐकून मलाच भरून आलं. तानुबाईनं चहा पाजला, नातवाचं नाव दिलं नाही. वर विचारते, गुरुजी, तुमची लेक कोणत्या शाळंत हाय? विषय शाळेचा चाललाय, माझ्या लेकीचा नाही, असं ठणकावलं.
(भक्ती मानवतला इंग्लिश मीडियमला आहे. तो कौटुंबिक निर्णय. डॉक्टर काय स्वतःच्याच गोळ्या खातो?)

७ जून, भर उन्हात
किशनरावांकडं. नात द्यायला तयार, पण आदी तुमची पोरगी पटावर, मंग आमची. तानुबाईचंबी तेच म्हणणं हाय म्हणे. हॉटेलवाला सोताच्या हॉटेलात जेवंना, मंग गिऱ्हाइकानं का जेवावं? पाऊण तास वाद घातला. जिंकलो. नाव मिळालं नाही.

१० जून
झुकणार नाही. गाव ब्लॅकमेल करायलंय, असं शिवकन्येला सांगितलं. बायको असून तिनं पोळी लाटता लाटता गावाचीच बाजू घेतली. न्या की भक्तीला, तिथं तुमीच तर शिकवणार, म्हणाली. म्हणूनच तर नको, असं माझ्या तोंडून गेलं. तसं म्हणायचं नव्हतं. घाईत निघालं.

१३ जून
साहेबांचा परत फोन. पूर्ण विचारांती, कुणाच्याही दबावाशिवाय भक्तीचं नाव दुसरीत दाखल केलं. एक वर्ष. प्रयोग म्हणून. याला झुकणं म्हणत नाहीत.

१६ जून
प्रवेशोत्सव. बैलगाडीतून मिरवणूक. तानुबाईनं नातवाला भक्तीशेजारीच बसवलं, पलीकडं किशनरावांची नात. पट वीस! शेवटी गावाला माझं म्हणणं पटलं.

१७ जून, संध्याकाळी
भक्ती दिवसभर माझ्या वर्गात पुढंच बसली. कालचे फोटो अपलोड केले, ऑनलाइन माहिती भरली, खिचडीची नोंद, साहेबांचे दोन फोन. पोरांना पाढे लिहायला सांगितले होते. तीनदा.
परत येताना गाडीवर मागून तिनं विचारलं, पप्पा, तुम्ही ऑफिसचं काम करता, मग शिकवणारे सर कधी येणार?
लय लाज वाटली. उद्या येतील, म्हणालो.
त्यांचं नाव काय, म्हणाली.
मी हॉर्न वाजवला. रस्ता मोकळाच होता.